बर्फ आहे तोवर

मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७
तलावाच्या अलीकडच्या काठावरून

ल्युदविकास,

येशू तुला सांभाळो. अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकू नकोस, निदान कोंबड्यांपर्यंत तरी वाच.

आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत. पारा उणे एकोणतीसवर गेला तेव्हा खुराड्यातलं पाणी तासातासाला गोठायला लागलं. दोन कोंबड्या मेल्या, म्हणून दोमिसेलेने उरलेल्या अकरा स्वयंपाकघरात आणल्या. कोंबड्याचा तुरा थंडीने काळा पडलाय, त्याला हंसाची चरबी चोळतो. पांढरी तलंग टीव्हीवर चढून बसते आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडावर शेपूट सोडते. दोमिसेले म्हणते, त्या टीव्हीचा एकदाचा कुणाला तरी उपयोग झाला.

माझ्या मधमाश्यांच्या चार पेट्या छपरापर्यंत बर्फात आहेत. बर्फ काढत नाही, तेच त्यांचं पांघरूण. फक्त दारापुढे काडीने वाट मोकळी करतो, टिचकी मारतो आणि कान लावतो. तीन पेट्या हुंकार देऊन लगेच शांत होतात. चौथी मात्र बराच वेळ रडल्यासारखी गुणगुणायची. तिची राणी गेली असणार. गेल्या आठवड्यात त्या माश्या वारल्या. मेल्या असं लिहिणार नाही. कोंबडी मरते, माशी माणसासारखी वारते, हे मला तूच शिकवलंस. जमीन दगड झाली होती, कुऱ्हाडीने फोडून त्यांना पुरलं.

काल झुझाना टपाल घेऊन आली. म्हणाली, तुझ्याकडच्या सगळ्याच वारल्या, पाचही पेट्या. तू त्यांच्यापुढे टोपी काढून उभा होतास आणि तिच्या हाकेला ओ दिली नाहीस. मला जेवण गेलं नाही.

तुझा थवा उडून माझ्या लिंडनच्या झाडावर बसला, त्या उन्हाळ्यापासून आपण सोयरे. माश्या विकायच्या नसतात, वाटायच्या असतात, आणि ज्याच्याशी वाटल्या तो रक्ताचा होतो. हे सगळं ठाऊक असून मी तुझ्या थव्यातली पेटी एका परक्याला दिली. ती चोरीला गेली नव्हती हे तुला ब्याण्णवच्या शरदात कळलंच. तिचं तू कोरलेलं छप्पर तुला शहरातल्या माणसाच्या बागेत दिसलं. कशासाठी दिली ते तू विचारलं नाहीस, आणि मीही सांगितलं नाही.

टीव्हीच्या बदल्यात, ल्युदविकास. मेहुण्याने दिला म्हणालो ते खोटं होतं. बार्सिलोनाच्या ऑलिंपिकला, देश स्वतंत्र झाल्यावर पहिल्यांदाच, आपली पोरं आपल्याच झेंड्याखाली बास्केटबॉल खेळणार होती, आणि आपण दोघं रेडिओला कान लावून म्हातारे झालो होतो. वाटलं, एकदा तुला डोळ्यांनी दाखवावं. रशियावाल्यांना हरवून पोरांनी पदक घेतलं तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडलास. दुसऱ्या सकाळी तू माझ्या पेट्या बघायला गेलास आणि एक कमी निघाली. माझ्या तोंडून 'चोरी' असं निघून गेलं.

चोराच्या शोधात तू तीन दिवस दलदल तुडवलीस. रविवारी चर्चच्या पायरीवर सगळ्या गावासमोर बोल्युसला चोर म्हणालास, का तर तो पितो. मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. पेटी दिल्याची लाज वाटते, पण त्या पायरीची जास्त वाटते.

परवा बोल्युसकडे जाऊन माफी मागितली. साडेचार वर्षं उशिरा. तो लाकडं फोडत होता. म्हणाला, "मला काय, मला सगळेच चोर म्हणतात. ज्याने तुझ्यासाठी मला शिव्या घातल्या, त्याच्याकडे जा की."

तुझ्या धुराड्याचा धूर मी रोज सकाळी बघतो. उशिरा निघाला तर जीव थाऱ्यावर राहत नाही. दोमिसेले मला म्हणते, "लग्नाआधी तू माझ्या घराकडेसुद्धा इतकं बघत नव्हतास." खरं आहे तिचं. तुझ्याशिवाय करमत नाही मला.

आता कामाचं. तलावावरचा बर्फ अजून दोन आठवडे तरी माणसाला पेलेल. माझी सगळ्यांत जोरदार पेटी तुझ्याकडे आणतो, तुझ्याच थव्याचा वंश आहे. माश्या थंडीनंतर पहिल्यांदा उडण्याआधी हलवली तर नवं घर मानतात, नंतर हलवली तर तलाव ओलांडून इकडेच परततील. म्हणून येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर घसरगाडीत गवत घालून निघेन. घोडा नको, हिसके बसतात. स्वतःच ओढेन.

तू दार उघडलं नाहीस तरी पेटी तुझ्या कुंपणाशी, वारा लागणार नाही अशी ठेवून परत येईन. माझ्या लबाडीची शिक्षा माश्यांना नको. पण तू बाहेर ये. बोल्युसला दिल्यास त्याहून जहाल शिव्या दे, सगळ्या ऐकून घेईन. हा पाचवा हिवाळा, तुझा आवाज ऐकला नाही.

खाली 'तुझा सोयरा' लिहायला गेलो आणि हात थांबला. ते तू म्हणायचं. तू म्हणेपर्यंत नुसता,

अनिसेतास