आईचा हात काढला की ‘घूं’

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (पत्र बसून लिहितो आहे, नमस्कार मनाने घातला आहे.) आम्ही सगळे मजेत आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला एव्हाना गेला असेल, अशी आशा आहे. हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण आमच्याकडे फोन आईच्या हाताशी असतो आणि बोलणं अर्ध्यातून तीच घेते, म्हणून पत्र.

तुम्हाला विजेतलं कळतं, तेव्हा हकीकत सविस्तर सांगतो. मी एक ॲम्प्लिफायर बनवला आहे. ताईच्या गाण्याच्या बाईंना क्लाससाठी हवा आहे आणि येत्या रविवारी त्या आमच्याकडे ऐकायला येणार आहेत. त्यांनी घेतला तर बाबा मला हेच काम करू देणार. नाही घेतला तर एक तारखेपासून मी बाबांच्या मित्राच्या फरशीच्या दुकानात बसायचं, असं ठरलं आहे. (ठरलं म्हणजे बाबांनी ठरवलं. मी हजर होतो.)

यंत्र उत्तम वाजतं. फक्त त्यात दोन आवाज जास्तीचे येत होते, एक बारीक ‘सूं’ आणि एक जाड ‘घूं’. (दोन्ही दीर्घ. मी बराच वेळ ऐकून मगच लिहिलं आहे.) आधी ‘सूं’च्या मागे लागलो. माइकच्या बाजूचे रेझिस्टर बदलले, आवाज कमी झाला. आणखी चांगल्या प्रतीचे घातले, आणखी कमी झाला. उरलेला मात्र काही केल्या जाईना. ट्रान्झिस्टर बदलला, वायर आखूड केली, सगळं उकलून पुन्हा सोल्डर केलं, तरी कान लावला की ‘सूं’ आहेच. शेवटी बाबा दारात येऊन म्हणाले, “अरे, बटण तरी चालू आहे का त्याचं?” ते बंद होतं. आवाज संडासाच्या टाकीतून येत होता. त्या टाकीचा वॉशर मी बदलला आणि तेव्हापासून माझ्या यंत्रात ‘सूं’ जवळजवळ नाही. बाबांनी ताईला सांगितलं, तुझा भाऊ प्लंबर झाला तरी माझी हरकत नाही.

‘घूं’ मात्र हटेना. ट्रान्सफॉर्मर आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, लांब नेऊन पाहिला. मोठे कपॅसिटर घातले. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केलं, तर ‘घूं’ डब्यात जाऊन बसला आणि तिथून वाजू लागला. मग डबा सरकवायला म्हणून त्यावर हात ठेवला आणि एकदम शांत. हात काढला, ‘घूं’. ठेवला, शांत. मी घरातल्या सगळ्यांचे हात ठेवून पाहिले. ताईच्या हाताने थोडा उरतो (ती बोटंच टेकवते, डबा कळकट आहे म्हणते). बाबांच्या हाताने बरा जातो, पण बाबा फार वेळ थांबत नाहीत. आईच्या हाताने पूर्ण जातो. ती एक हात डब्यावर ठेवून दुसऱ्याने भाजी निवडत बसली आणि ताई माइकवर गायली. मामा, खोटं सांगत नाही, ताईचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बाबांनी सगळं गाणं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाई डबा नेतील तेव्हा हिलाही सोबत देणार का?” आई म्हणाली, “द्या की. तिथे निदान बसून तरी राहता येईल.”

मी हार मानलेली नाही. डबा जमिनीशी जोडायला हवा, एवढं पक्कं कळलं आहे. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार सांगावा.

आपला भाचा

ता. क. जमिनीशी जोडायचं म्हणजे प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून. ती तार मी डब्याला जोडलेलीच होती. म्हणून मेन स्विच बंद करून भिंतीतला बोर्ड उघडला. तिसऱ्या भोकामागे तारच नाही. मग घरातले सगळे बोर्ड उघडले. कुठेच नाही. तिथले स्क्रू अगदी नवेकोरे आहेत. आमच्या घराचं वायरिंग तुम्ही रजा काढून, काहीही न घेता केलंत, हे आई आम्हाला नेहमी सांगते, तेव्हा मी कुणालाच दोष देत नाही. त्या वेळी तार कमी पडली असेल. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, पण आई म्हणते ती थंडी आहे.

दुसरा ता. क. तार आणली आहे, अर्थिंगचा पाइपही आणला आहे, मागच्या दारी खड्डाही खणून ठेवला आहे. पण आई आता बोर्डाला हात लावू देत नाही. म्हणते, “दादानं केलंय ते. तो सांगेपर्यंत कुणी काही उपटायचं नाही.” बाबा मात्र येता-जाता त्या भोकांत टॉर्च मारून बघतात आणि फार प्रसन्न दिसतात. काल शेजाऱ्यांनाही दाखवलं.

तिसरा ता. क. तुम्ही यायची तसदी घेऊ नका. शनिवारच्या आत आईला फोन करून एवढंच म्हणा, “अगं, तेवढी तार मी मुद्दाम ठेवली होती. पोरगा मोठा झाला की त्याच्या हातून जोडायची होती.” मी हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं आहे, खरं वाटतं. पुढे काही बोलू नका, लगेच फोन ठेवा. ती डोळे पुसायला लागली की मी मेन स्विच बंद करतो.