कुशल हात किती?

चिखली, जि. बुलढाणे
ता. १४ फेब्रुवारी १९३८

चि. निवृत्तीस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक. दिवाळीला आला नाहीस म्हणून तुझी वहिनी सत्यभामा अजून तुझ्या नावाने बोटं मोडते. अक्षर वाकडं आलंय, टाक नवा आहे, सांभाळून घे.

तुझ्या कंपनीचा छापील कागद मिळाला. विजेच्या मोटारी आणि पंप बनवायचा कारखाना वऱ्हाडात काढायचा, तर चिखली बरी की खामगाव, असं विचारलंय. चिखलीचं नाव तूच घुसवलं असणार, लबाडा! वाचून फार बरं वाटलं.

खामगावला रेल्वे आहे, ते मी लपवत नाही. आपल्याकडे मलकापूरहून लॉरी येते, तीही तिच्या मर्जीने. पण इथल्या जिनिंगमध्ये इंजिनाचा एखादा भाग मोडला की मुंबईहून नवा येईस्तोवर पंधरा दिवस कापूस पडून राहतो. म्हणून कडूबा लोहार मोडका तुकडा समोर ठेवून तसाच दुसरा घडवायला शिकला. त्याच्यासारखे आणखी आहेत. मळेवाले मोट हाकून कंटाळलेत, पंपाचं नाव काढलं की भोवती जमतात. गिऱ्हाईक दारात, कारागीर शेजारी. साहेबाला आणखी काय हवं?

मग सातवा प्रश्न आला, "कुशल हात किती मिळतील?" इंग्रजीचं मराठी करणारा तुमचा कारकून कोण रे? कारागीर म्हण, माणसं म्हण, हात काय! मी ऐटीत म्हटलं, "चाळीस लिहितो."

चुलीपाशी बसलेली सत्यभामा म्हणाली, "दुसऱ्याईचे चाळीस लिहा. आपल्या घरचा एकच लिहा. खोटं कायले सांगता?" आणि तिने तोंडाला पदर लावला.

निवृत्ती, टाक जुनाच आहे. डाव्या हाताने लिहितोय. उजव्याची चार बोटं मार्गशीर्षात गेली. चालू इंजिनावर पट्टा चढवायला गेलो, घाई माझीच. जिनिंगचे मॅनेजर म्हणाले, "तुळशीराम, आता घरी आराम करा." तुला कळवलं नाही, कारण तू नोकरी टाकून धावत आला असतास. आणि लाजही वाटली. तुला पाना धरायला मीच शिकवलं होतं ना!

घरी बसून जीव आंबून गेलाय रे. जिनिंगचा आवाज घरात येतो. काल दुपारी त्यावरूनच कळलं, बेअरिंग तापतंय. धावत जाऊन सांगितलं. उघडून पाहिलं तर तसंच! फिटर म्हणाला, "दादा, तुम्हाले घरून कसं समजलं?" मी डाव्या हाताने तेलाचा डबा त्याच्यापुढे केला.

चिखलीबद्दल लिहिलं त्यात माझ्यासाठी एक अक्षर वाढवलेलं नाही. कारखाना इथे येवो नाहीतर खामगावला जावो, मला त्यात काम हवंय. मी तुझा भाऊ आहे हे साहेबाला सांगू नकोस. फक्त एकदा मला चालू इंजिनापाशी उभं कर. ते बिघडलेलं असलं तर उत्तम.

तुझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं.

तुझा दादा,
तुळशीराम, फिटर