मोटारीतली चिठ्ठी

बाबा, परवा ऑफिसात मी तुमचं वाक्य वापरलं.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. चिप बनवण्याआधी तिच्यात कोणते भाग असतील, कोण कोणाला जोडलेला असेल, हे एका संगणकाच्या भाषेत लिहून चालवून बघतात. ती भाषा मी सुधारते. अडचण अशी, की चालू झालेल्या आराखड्याला स्वतःबद्दल काहीच सांगता येत नसे. लिहिणाऱ्याला विचारावं, तर तो नोकरी सोडून गेलेला. आराखड्याने आपली माहिती आपणच द्यावी आणि तिच्यावरून तपासणीचे कंटाळवाणे प्रोग्राम भाषेनेच लिहावेत, यासाठी मी वर्षभर खपले. परवा मंजुरीची बैठक होती. साहेब नाही म्हणाले असते तर सगळं बासनात.

साहेब म्हणाले, "भाषेवर हे ओझं कशाला? माहितीची वेगळी वही ठेवा." चारचौघांत माझी जीभ उचलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आणि मला नालवाडीचं आपलं दुकान दिसायला लागलं.

कॉलेजची सुट्टी आहे. मी पहिल्यांदा एकटीने पंपाची जळालेली मोटार नव्या तारेने भरली आहे, हिंगणीचे काका ती न्यायला आलेत. तुम्ही विचारता, "चिठ्ठी ठेवली काय?" प्रत्येक मोटारीच्या जोडणीच्या डबीत तुमची चिठ्ठी असायची: तार कोणती, वेढे किती, बिघडलं काय होतं. वर एक ओळ, 'उघडणाऱ्याने वाचावे'.

"मले पाठ आहे ना, बाबा. वहीतबी लिहिलं आहे."

"तुले पाठ हाय. मोटरीले हाय का? वही दुकानात रायते अन् मोटर विहिरीवर. उद्या तू नसशीन, मी नसीन. तिनं सोताच सांगाले पाहिजे. डबी खोल."

"मिस्त्री, पोरीले काऊन तरास देता? तिकडे वावरात पाण्याबिगर पऱ्हाटी वाळून राह्यली ना!"

"अर्ध्या तासात नाई वाळत. चहा घ्या."

"वही दुकानात राहते आणि मोटार विहिरीवर," परवा माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे हसले. मग चिठ्ठीची गोष्ट सांगितली. साहेबांनी दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "करा."

आता भाषा स्वतः जो प्रोग्राम लिहिते, त्याच्या माथ्यावर पहिली ओळ येते: उघडणाऱ्याने वाचावे. ती तिथे कशाला, म्हणून ऑफिसातली पोरं हसतात. मीही हसते.

एक मात्र सांगायचं राहिलं. गोष्ट सांगताना मी 'आमच्याकडचे एक मिस्त्री' म्हणाले. 'माझे वडील' म्हटलं असतं, तर 'होते' म्हणावं लागलं असतं, आणि पुढचं बोलता आलं नसतं.