पाऱ्याच्या कामाआधी, धाकटीच्या नावे

आप्पा, डाख वितळवून सांधल्याशिवाय सोन्याला सोनं जुडत नाही हे तुमचं म्हणणं चूकच होतं, आणि मी मरेपर्यंत चूकच म्हणणार. इथल्या एका म्हातारीने मोहरीएवढे सोन्याचे रवे नुसत्या डिंकात तांब्याची भुकटी कालवून सोन्याच्या पत्र्यावर बसवून, तापवून दाखवले. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. रवे मात्र सुटले नाहीत.

आता मुद्द्याचं. मी, तुमचा मधला, डोकं ठिकाणावर असताना, कुणी मानगूट धरलेली नसताना हे लिहितो. उद्या सकाळी मी पाऱ्याचा मुलामा शिकणार. सोनं पाऱ्यात कालवून चांदीवर फासायचं, मग पारा आगीवर उडवायचा. त्याची वाफ विषारी. हे काम येणारा उस्ताद एकच उरलाय. कप धरवत नाही इतके त्याचे हात कापतात. परवा मुलगा त्याला कायमचा घेऊन जातोय. मी म्हटलं, "फडकं बांधून लांबून बघतो."

उस्ताद हसला. "लांबून रंग कळला असता तर माझे हात असे झाले असते का, लेका?"

पांढऱ्यातून पिवळं कधी फुटतं ते वाकूनच दिसतं. खोलीला खिडकी एकच आहे.

माझं बरंवाईट झालं तर सायकल दादाला. तशीही तो न विचारताच नेतो.

हातोड्या, चिमटे, तार ओढायची पट्टी आणि माझी वही धाकटीला. दादाने हात लावायचा नाही. "पोरीला हुन्नर दिला की तो परक्या घरी जातो," म्हणत तुम्ही तिला भट्टीपासून उठवलंत. तिची अर्धी अंगठी दादाने पुरी करायला घेतली आणि वितळवून बसला. मी तिथेच होतो, गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही. आप्पा, उस्तादानेही हुन्नर घरातच राखला. त्याचा मुलगा ट्रक चालवतो. शेवटी परक्यालाच, मलाच, शिकवायची पाळी आली.

धाकटे, पाऱ्याचं वहीत जे लिहीन ते वाच, जप, पण करू नकोस. वाफ न घेता करायची युक्ती कुणाला सापडली, तर त्याला दाखव.

आठ दिवसांत माझा फोन आला तर कागद फाडा. तोवर आईला वाचून दाखवू नका.

साक्षीदार:
१) खोलीतला शिंपी. सही केली, वर "येडा आहेस" म्हणाला.
२) भट्टीवाला. अंगठा.

लिहिणार, सही: तुमचा मधला
कारखान्यावरची खोली, सोमवार, अकरा तारीख

धाकटीला वेगळी भट्टी घालायला सोबत पाठवतोय, उद्या हे काम शिकून करायला कारखान्याच्या मालकाकडून आगाऊ घेतलेली मजुरी: एकवीस हजार पाचशे.