‘आय अ‍ॅम फुल’चा अर्थ मी बदलणार नाही

अ‍ॅमस्टेलव्हीन, हॉलंड, शनिवार

ती. सुचेताताईस, सुनीतीचा साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा काय म्हणतोय, भावोजींची साखर कुठवर आली, आणि वरच्या मजल्यावरच्यांनी ती गळती काढली की नाही, सगळं कळव. आम्ही मजेत. सारंग रोज हूफडॉर्पला ऑफिसला जातो, ज्ञानदाला मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते, आणि गेल्या रविवारी ऊन पडलं होतं. फोन न करता कागदावर लिहून फोटो पाठवणार आहे, कारण फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘अगं, चूक तुझीच असणार’ म्हणतेस. या वेळी ते शेवटी म्हण. चूक माझी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

इथल्या वस्तीतल्या केंद्रात मंगळवारी सकाळी मी चिनी बायकांना इंग्रजी शिकवते, हे तुला माहीतच आहे. (पगार नाही, कॉफी फुकट. सारंगने पहिल्याच दिवशी विचारलं, मग तुला मिळतं काय? कपाळ माझं!) मिळतं ते असं, की या गावात आल्यापासून मी सारंगची बायको नाहीतर ज्ञानदाची आई. त्या खोलीत चार बायका मला टीचर म्हणतात आणि मी आले की खुर्ची पुढे करतात. सगळ्या माझ्यासारख्याच, नवऱ्यांच्या नोकरीमागून आलेल्या. त्यातल्या मिसेस लिन सगळ्यांत मोठ्या आणि थेट तुझ्यावर गेलेल्या. म्हणजे स्वभावाने गरीब, पण हातात पळी आली की कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत.

तर महिन्यापूर्वी धडा होता ‘फुल’ या विशेषणाचा. पुस्तकात चित्रं होती. भरलेला ग्लास, भरलेली बस, आणि पोटावर हात ठेवून ‘आय अ‍ॅम फुल’ म्हणणारा माणूस. ग्लास आणि बसबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तो पोटवाला मला पक्का खोटारडा वाटला. मी फळ्यावर लिहिलं, की पहिल्यांदा ‘आय अ‍ॅम फुल’ म्हटलं म्हणजे मला वळण आहे. दुसऱ्यांदा म्हणजे, आणखी एकदा विचारा. तिसऱ्यांदा म्हणजे, वाढा की आता, किती बोलायला लावता! ताई, असा धडा कधी झाला नव्हता. एरवी एकेका शब्दासाठी मोबाइलमध्ये डोकी घालणाऱ्या त्या बायकांनी नुसत्या माना डोलावल्या, काही उतरवूनसुद्धा घेतलं नाही. त्यांच्याकडे अस्संच असतं म्हणे.

आता केंद्र चालवणाऱ्या इनेकेबाई. उंच, करड्या केसांच्या, सायकलवर ताठ बसणाऱ्या. वाईट नाहीत गं. कॉफीबरोबर बिस्किटांचा डबा पुढे करतात, पण आपण एक उचललं की झाकण लावतात. (टप्प! तो आवाज अजून माझ्या कानात आहे.) आमचा सराव व्हावा म्हणून त्यांनी आम्हां पाचजणींना घरी जेवायला बोलावलं, संध्याकाळी सहाला. सूप फार सुरेख होतं. त्यांनी विचारलं, आणखी हवंय? आम्ही पाचही जणी एका सुरात ‘आय अ‍ॅम फुल’. बाईंनी पातेलं उचललं आणि सरळ फ्रिजमध्ये ठेवलं! मग ट्रामच्या थांब्यावर उभ्या राहून आम्ही माझ्या पर्समधला चिवडा खाल्ला. तरी कुणी तक्रार केली? नाव नको.

मग मिसेस लिननी उलट बोलावणं केलं, इनेकेबाईंना आणि आम्हां सगळ्यांना. खरा घोळ तिथे झाला. ताटलीतलं टाकायचं नाही, हे इनेकेबाईंच्या आईने त्यांना लहानपणी बजावलेलं. आणि मिसेस लिनच्या घरी ताटली रिकामी दिसली की पाहुणा अजून उपाशी आहे असं समजतात. बाई संपवतायत, या वाढतायत. बाई म्हणाल्या, ‘आय अ‍ॅम फुल.’ मिसेस लिननी माझ्याकडे बघून गोड हसून घेतलं आणि मोदकाएवढाली डंपलिंग्ज वाढली. बाई दुसऱ्यांदा म्हणाल्या, जरा जोरात. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आम्हांला वाटलं, गहिवरल्या! शेवटी त्यांचा नवरा येऊन त्यांना गाडीत घालून घेऊन गेला, आणि सायकल तिथेच राहिली. इथलं माणूस सायकल टाकून घरी जातं म्हणजे काय झालं असेल ते तूच समज.

दुसऱ्या दिवशी मेल हजर. तुमच्या वर्गात चुकीचा अर्थ शिकवला जातो, येत्या मंगळवारी मी स्वतः येऊन बसेन, सगळ्यांसमोर दुरुस्त करा, नाहीतर वर्ग दुसऱ्या शिक्षिकेकडे जाईल. म्हणे चुकीचा! पाहुणा नको म्हणाला आणि यजमानाने लग्गेच ऐकलं, अशा घराबद्दल आपली आई काय बोलते ते आठव. डिक्शनरी लिहिणाऱ्याला आयुष्यात कुणी आग्रह करून वाढलं नसेल, त्याला मी काय करू? मी एक अक्षर बदलणार नाही. वर्ग गेला तर गेला. (जाऊन चालणार नाही गं. त्या मंगळवारवर माझा आठवडा उभा आहे. पण हे तुला सांगते, त्यांना नाही.) सारंग म्हणतो, सॉरी म्हण आणि मोकळी हो. त्याला म्हटलं, तू आपलं तुझं सॉफ्टवेअर बघ.

भावोजींना नमस्कार, विराजला गोड पापा.

तुझी, अजिबात न वाकणारी,
सुनीती

ता. क. बँकेत असताना अख्ख्या शाखेची माफीपत्रं तूच लिहायचीस ना? तशा चार ओळी इंग्रजीत सोमवारच्या आत पाठव. माफी दिसली पाहिजे, पण मागितलेली नसली पाहिजे. आईला कळू देऊ नकोस.

आणखी एक ता. क. माफीपत्र नको. फोटो पाठवायचा धीर झाला नाही आणि मंगळवार उलटला. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मी फळ्यावर लिहिलं, की या देशात ‘आय अ‍ॅम फुल’ म्हणजे पोट भरलं, पहिल्याच खेपेला. (हो, लिहिलं! हसू नकोस.) मिसेस लिननी हात वर करून विचारलं, टीचर, आणि तुमच्या घरी? मला राहवलं नाही. म्हटलं, माझ्या घरी जुनाच अर्थ. संपलं सगळं असं धरून मी पर्स उचलली, तर बाई बिस्किटांचा डबा घेऊन पुढे. सवयीने तोंडातून गेलंच, ‘आय अ‍ॅम फुल.’ टप्प, झाकण लागलं. बाई दारापर्यंत गेल्या, थांबल्या, परत आल्या आणि झाकण उघडून म्हणाल्या, नक्की ना? मी पुन्हा नको म्हटलं आणि हटून तिथेच उभी राहिले. ताई, त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं! वर्ग माझ्याकडेच आहे. पोट खरंच भरलेलं होतं, तरी दोन घेतली.