फेरी कितवी?

फिलाडेल्फिया,
१५ नोव्हेंबर १९७७, सोमवार
(ओडेसा म्हणते मंगळवार. असेल.)

चि. थॅडियस,

तुला आशीर्वाद, रागासकट. इकडे मी ठीक आहे. तुझी आत्या ओडेसा रोज येऊन स्वयंपाक करून जाते आणि जाताना माझ्या वस्तू लपवते. मध्यंतरी चष्मा गेला, मग किल्ल्या. विचारलं तर म्हणते, "दादा, किल्ल्या फ्रीजमध्ये होत्या." फ्रीजमध्ये मी कशाला ठेवीन? पाणी कुठंतरी मुरतंय.

आता मुद्द्याचं. तुझे कान कोणी भरले? चोवीस वर्षांचा, एकदाही न हरलेला हेवीवेट बॉक्सर. आणखी एक लढत मारली असती की थेट विजेतेपदाला हात घालायचा. आणि तू जिंकून खाली उतरतोस, हातावरच्या पट्ट्या सोडतोस आणि म्हणतोस, "पॉप, आता पुरे"? वर साउथ कॅरोलिनात सासुरवाडीला जाऊन शाळेची बस चालवतोस! इथे न्हाव्याच्या दुकानात मला ऐकावं लागतं, "काय पेटिफर्ड, पोरगं घाबरलं की विकलं गेलं?" मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठून आलो.

माझा पहिला संशय तुझ्या बायकोवर. व्हर्नेल गुणाची आहे, रताळ्याचा 'पाय', तो भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, तिच्यासारखा कोणाला जमत नाही, पण तुझं सुजलेलं तोंड तिला कधी बघवलं नाही. दुसरा संशय क्लिओवर. इतकी वर्षं माझ्याबरोबर तुझ्या कोपऱ्यात उभा राहून तुझ्या जखमा बांधणारा माणूस, त्या शेवटच्या लढतीपासून माझ्या नजरेला नजर देत नाही. जिमची किल्लीसुद्धा माझ्याकडून गोड बोलून काढून घेतली. चोराच्या मनात चांदणं.

किल्लीवरून आठवलं. तुझी आत्या माझ्या किल्ल्या लपवते. विचारलं तर म्हणते फ्रीजमध्ये होत्या! (ती मागे उभी राहून वाचतेय. म्हणते, हे वर लिहून झालंय. मी म्हटलं, दुसऱ्याचं पत्र वाचू नये.)

तर, रविवारी प्रार्थना सुटल्यावर क्लिओला मी चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, "खरं बोल, पोराला काय सांगितलंस?"

"मी काही नाही सांगितलं, एल्सवर्थ. तूच सांगितलंस."

"मी?"

"चौथ्या फेरीआधी. पोरगा स्टुलावर बसला होता. तू त्याला म्हणालास, शेवटची फेरी आहे, डेल्बर्टला दोरांकडे रेट."

डेल्बर्टशी मी लढलो होतो. तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता.

आपली रीत तुला ठाऊक आहे. डोक्याला मार लागलेल्या गड्याला कोपऱ्यातला माणूस विचारतो, फेरी कितवी? आपण कुठं आहोत? उत्तर चुकलं की रिंगणात टॉवेल टाकून लढत थांबवायची, मग गडी कितीही ओरडो. क्लिओ म्हणतो, तू माझा हात दोन्ही ग्लोव्हमध्ये धरलास आणि स्टुलावरून मलाच विचारलंस, "पॉप, फेरी कितवी?" मी म्हणालो, दहावी. तू विचारलंस, "आपण कुठं आहोत?" मी डेल्बर्टशी लढलो त्या जुन्या हॉलचं नाव घेतलं. तो हॉल कधीचाच जळून गेला. मग घंटा झाली आणि तू उठून समोरच्याला पहिल्या ठोशातच झोपवलंस.

"उत्तर चुकलं होतं, एल्सवर्थ," क्लिओ म्हणाला. "टॉवेल पोरानं टाकला."

मी त्याला चर्चच्या दारात नको त्या शिव्या दिल्या. खोटारडा म्हणालो. घरी आलो. ओडेसाला विचारलं, तर ती मान खाली घालून भाजीचे देठ मोडत बसली. म्हणजे हिलाही ठाऊक. तुम्हा सगळ्यांना ठाऊक, आणि मी आपला दारोदार चोर शोधत फिरतोय. काखेत कळसा, गावाला वळसा.

त्या कोपऱ्यातलं मला काही आठवत नाही, थॅड. तू माझा हात धरला होतास तेवढं आठवतं. मला वाटलं होतं, पोरगं घाबरलंय.

मला फार वाईट वाटतंय. तुझा रागही येतोय, कारण तू जिंकला असतास. डेल्बर्टच्या ठोशांनी माझं जे झालं ते तुझं झालंच असतं असं नाही. पण परत ये असं म्हणायला बसलो होतो, ते आता म्हणणार नाही. बस सावकाश चालव.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला दोघं या. व्हर्नेलला सांग, रताळ्याचा 'पाय' आण. आणि दारात आलास की आधी तुझं नाव सांग. मी ओळखणार नाही असं नाही. तरी सांग.

तुझा बाप
(एवढं न विचारता सांगतोय),
एल्सवर्थ पेटिफर्ड