मागायची लाज

शेंदूरजनाघाट

प्रिय प्रणाली,

सुखी रहा. तिकडे अकोल्यात मामेबहिणीच्या लग्नाची धावपळ चालली असेल, त्यात सासऱ्याचं पत्र पाहून दचकशील. बातमी चांगली आहे. काल अमोलने मला अमरावतीला तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या पूर्ववत झाल्या, डायलिसिसचं नाव मनातून काढा. अमोल तिथूनच तुला फोन लावत होता, मी थांबवलं. हे तुला मलाच सांगायचं होतं. आणि समोर बोलायला गेलो की मध्ये तुझा पदर येतो आणि माझं खाकरणं.

लकव्याने डावं अंग गेलं तेव्हा मी घाबरलो नव्हतो. दवाखान्यातून घरी आल्यावर घाबरलो. तुझी सासू असती तर गोष्ट वेगळी होती. अमोल सकाळी संत्र्याच्या बगीच्यात गेला की घरात तू आणि मी. लघवीचं भांडं सुनेला मागायचं? जिचं तोंड लग्नानंतर नीट पाहिलं नव्हतं, तिला? मग मला युक्ती सुचली. पाणी प्यायचंच नाही, म्हणजे भांडं मागायची वेळच येणार नाही. तू भरून ठेवलेला पेला, तू आत गेलीस की खिडकीबाहेर रिकामा करायचो. चैत्राचं ऊन, वर प्रेशरच्या गोळ्या. जीभ टाळूला चिकटायची, तरी नाम घेत पडून राहायचो. हासुद्धा एक संयमच, असं वाटायचं.

पुढे उलट्या, सुजलेले पाय, लघवी जवळजवळ बंद. पुन्हा दवाखान्यात नेलं तेव्हा मी अमोललाही ओळखेना. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की मेंदूचं सावरतंय, पण किडन्या बंद पडत चालल्या; उतार पडला नाही तर डायलिसिस, आणि इतक्या अशक्त माणसाला तेही जड जाईल. नातेवाईक खाटेभोवती उभे होते. त्यांच्यासमोर तू बोललीस, हे अमोलने मला नंतर सांगितलं. “डॉक्टरसाहेब, मामाजी पाणीच पेत नाहीत. खिडकीखालची माती रोज ओली दिसे, मले वाटलं मोरी गळते. माह्या लाजेनं पेत नाहीत ते.” बायकांनी तोंडाला पदर लावला म्हणे. डॉक्टरांनी मात्र लगेच गोळ्या थांबवल्या, सलाईन वाढवलं. मी वाचलो तो तिथे.

घरी परतल्यावर तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. तू पेला घेऊन खाटेशी आलीस. “मामाजी, संत्र्याले ताण देता, ते बहार फुटावा म्हनून. तुमी कोन्ता बहार धरून राहिले?” पाणी तोडून झाड ताणावर ठेवायचं, पण पानं गळू लागली की लगेच पाणी सोडायचं, हे मी गावातल्या पोरांना शिकवत आलो. मला हसू आलं. तोंड वाकडं, अर्धं पाणी छातीवर सांडलं. मग तू भांडं आणलंस. मी डोळे मिटले. तू म्हणालीस, “मिटा तुमी. मीबी मिटले असते, पन मंग भांडं कोन धरन?” आईनंतर मला असं कोणी धीटपणे वागवलं नव्हतं.

संध्याकाळी देवळातली प्रार्थना इथे ऐकू येते. शेवटी सगळे थोडा वेळ मौन पाळतात. त्या मौनात पूर्वी मी काही ना काही मागत असे. आता तुझं नाव घेतो, एवढंच.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परतताना गाडीत अमोलच्या तोंडून निघून गेलं. अकोल्याच्या कॉलेजात बी.एड.ला तुझा नंबर लागला आहे, आणि ‘मामाजींचं कोण करणार’ म्हणून तू नाही सांगणार आहेस. प्रणाली, नाही सांगू नको. आज सकाळी अमोल गेल्यावर मी शेजारच्या मनोजला हाक मारली आणि म्हटलं, भांडं दे. तो धावतच आत आला. “एवढंच? मले त वाटलं, घराले आग लागली!” रोज येतो म्हणाला. संकोच अजून वाटतो, पण मागता आलं. तू प्रवेश घे. लग्नाच्या पंगतीत जेवायला पुढेही मिळेल, कॉलेजात आधी जाऊन ये.

तुझे वडीलच,
मामाजी